काळ्या माशावरचे ठिपके

"काल सतरा होते. आज एकवीस," म्हेत्रे मास्तर म्हणाले आणि हातातलं भिंग त्यांनी माझ्यापुढे धरलं. "घ्या, तुम्हीच मोजा."

मी भिंग घेतलं नाही. त्याची गरजच नव्हती. काळ्या माशाच्या शेपटीवर, कल्ल्यांच्या कडेला आणि एका डोळ्याच्या वर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दोन हातांवरून दिसत होते. मासा तळाशी जायचा, खड्यांना अंग घासायचा आणि दमून कोपऱ्यात थांबायचा. त्याचे पर अंगाला मिटलेले होते.

"खाज सुटलीय त्याला," मास्तर म्हणाले. "परवापासनं असंच चाललंय. हे काय हाय, उद्धवराव?"

"किडा आहे, मास्तर. हा ठिपका म्हणजे किडा नव्हे, त्याचं घर. कातडीखाली शिरून बसलाय."

"औषध?"

"आहे की. त्याचं काय एवढं!" मी म्हणालो. अशा वेळी मी नेहमी असंच बोलायचो.

ही इचलकरंजीतली गोष्ट. तिला आता एकोणीस वर्षं झाली. तेव्हा माझं मासे आणि टाक्या विकायचं दुकान होतं, शिवाय घरोघरच्या टाक्या महिन्याला साफ करून द्यायचं काम असायचं. म्हेत्रे मास्तर हे शाळेतले मास्तर नव्हते. कापड रंगवायच्या कारखान्यात चाळीस वर्षं ते रंगमास्तर होते. कुठल्या कापडाला कुठला रंग किती पडायचा, हे ठरवणारा तो रंगमास्तर. नुसतं पाणी बघून ते रंगाची मात्रा सांगत, अशी त्यांची गावात ख्याती होती. आता त्यांच्या पोटात गाठ निघाली होती. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी पोट उघडलं होतं आणि तेव्हापासून मास्तर दिवाणावर, टाकीसमोर पडून असायचे.

टाकीत नऊ मासे होते, आठ सोनेरी आणि एक काळा. वास्तूसाठी लोक अशीच टाकी मागतात. घरावर येणारं अरिष्ट काळा मासा स्वतःच्या अंगावर घेतो, तो मेला की संकट टळलं असं समजायचं. हे खूळ कुणी काढलं देव जाणे, पण आम्हा धंदेवाल्यांना ते फार सोयीचं होतं. मासे मरतातच. मेलेल्या माशाची पिशवी घेऊन एखादी बाई तणतणत दुकानात आली की मी आवाज खाली आणायचो आणि म्हणायचो, "काकी, तुमच्या घरावरचं गेलं बघा." तणतण तिथल्या तिथे बंद व्हायची आणि जाताना बाई नवा काळा मासा घेऊन जायची. मास्तरांच्या बायकोला, रत्नाक्काला, हे खूळ मीच ऐकवलं होतं. तीन वर्षांपूर्वी टाकी बसवताना, चांगलं रंगवून. त्यांनाही मी काकीच म्हणायचो.

मी बाटली काढायला पिशवीत हात घातला, तेवढ्यात आतून काकींची हाक आली. "उद्धवा, च्या घ्यायला ये जरा आत."

आत गेलो तर चुलीवर, म्हणजे गॅसवर, काहीच नव्हतं. काकींनी स्वयंपाकघराचं दार पुढे ओढलं.

"औषध घालणार व्हय?"

"घालायला पाहिजे, काकी."

"घालू नको."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. काकी ठेंगण्या, कपाळावर आडवी विभूती, हात सतत पदराला पुसायची सवय. त्या घाईघाईनं, दाराकडे बघत बोलत होत्या. "ज्या दिवशी त्याच्या अंगावर पांढरं दिसलं, त्या दिवशी ह्यांनी वाटीभर आंबील पिली. महिन्यात पहिल्यांदा. काल उठून खिडकीपातूर गेले. त्यो खाली बसतोय तसं हे उठून बसायला लागल्यात. मी रोज बघतीय ना."

"तसं नसतं ते काकी..."

"तूच सांगितलंवतंस न्हवं?"

मी समजावायला गेलो. म्हटलं, आजार काळ्याला एकट्याला नाही, नऊच्या नऊ माशांना आहे. सोनेरी अंगावर पांढरा ठिपका उठून दिसत नाही आणि काळ्यावर दिसतो, एवढाच फरक. म्हणून लोकांना वाटतं की आधी काळाच आजारी पडतो. तुम्ही भिंग घेऊन नीट बघा, सोनेरी माशांच्या परांवरही सापडतील.

"मग पहिल्यांदा हे का न्हाई सांगितलंस?"

काकींनी एकदम हात जोडले. "पाया पडते तुझ्या. औषध घातल्यासारखं कर. ह्यांचं समाधान हुतंय तेवढं हुदे. पण त्याला वाचवू नको. त्यानं घेतलंय अंगावर, त्याला घेऊन जाऊदे."

त्या दिवसांत मी फार थकलेलो होतो. दिवसाला सात-आठ टाक्या व्हायच्या. हात सारखे पाण्यात, बोटांची सालं गेलेली. रात्री जेवताना आमटीसुद्धा झोंबायची. कुणाशी वाद घालायचं त्राण अंगात नसायचं. आणि मनात दुसरीही एक गोष्ट टोचत होती. दहा-बारा दिवसांपूर्वी त्यांचा एक सोनेरी मासा मेला, तेव्हा त्याच्या बदली नवा मासा मीच आणून सोडला होता. नव्या लॉटमधला मासा पंधरा दिवस वेगळा ठेवायचा असतो. मी कंटाळा केला होता. किडा त्या माशाबरोबर माझ्याच पिशवीतून या घरात आला होता. हे सगळं उलगडून सांगण्यापेक्षा होय म्हणणं सोपं होतं. मी होय म्हणालो.

बाहेर येऊन बाटली उघडली. त्या टाकीला साठ थेंब पडायला हवे होते. मी पाच टाकले आणि काडीनं पाणी ढवळलं. पाण्यावर हिरवट झाक आली न आली.

"कुठलं औषध म्हणायचं हे?" मास्तरांनी विचारलं.

"मॅलाकाइट ग्रीन."

मास्तर पोट धरून हसले. त्यांना हसताना दुखायचं. "अहो, हा तर आमचा रंग! सुतावर टिकत न्हाई लेकाचा. पण कागद, सुतळी, काय धरतो म्हणून सांगू!" मग त्यांनी मान तिरकी करून बराच वेळ पाण्याकडे बघितलं. काहीतरी बोलतील असं वाटलं, पण बोलले नाहीत. मी लगबगीनं पिशवी आवरली.

सहाव्या दिवशी गेलो तर काळ्या माशाच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. काकी मला दारातच भेटल्या. चेहरा उतरलेला.

"काय घातलंस त्या पाण्यात?"

"काही नाही, काकी. शपथ."

"मग गेलं कुठं सगळं? कालपासनं पोहतोय चांगला. आणि हे रात्रभर कण्हत हुते."

मला ठाऊक होतं कुठे गेलं. हा किडा असाच असतो. माशाच्या अंगावर खाऊन-पिऊन फुगला की सुटून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि ते मासा शोधत परत वर येतात. ठिपके गेले म्हणून औषध थांबवणारी गिऱ्हाइकं मी शेकड्यांनी बघितली होती. ठिपके जातात तेव्हाच खरं संकट तळाशी तयार होत असतं.

"परत येतील, काकी," मी म्हणालो. "चार-पाच दिवसांत. आधीपेक्षा जास्त येतील."

काकींचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. त्यांनी मला आत बसवलं, चहा दिला, त्यात वेलदोडा होता. तो चहा पिताना मला स्वतःची किळस आली.

ठिपके आले. सांगितल्याप्रमाणे आले. पुढच्या सोमवारी मास्तरांचा फोन आला, तोही स्वतः केलेला. "अकराला या. ही मठात जाते त्या वेळेला."

टाकीची अवस्था बघवत नव्हती. काळ्या माशाच्या अंगावर मिठाची चिमूट उडवावी तसं झालं होतं. सोनेरी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करत होते, म्हणजे किडा कल्ल्यांत शिरला होता. त्यातला एक फिल्टरच्या नळीला चिकटून मेला होता.

"बसा," मास्तर म्हणाले. मी खाली सतरंजीवर बसलो. "रंग मारला न्हाईत तुम्ही."

मी नळीला चिकटलेल्या मेल्या माशाकडे बघितलं.

"टाकी किती लिटरची?"

"दीडशे."

"दीडशे लिटरला चढलेला रंग मी डोळे मिटून सांगतो. त्या दिवशी पाण्यात नुसता भास हुता. मी म्हटलं, आपल्याला माशाच्या औषधातलं काय कळतंय, गप्प बसावं. मग चार दिवसांनी काचेचे सांधे बघितले. पांढरेशुभ्र. एवढ्या धरणाऱ्या रंगाचा डाग नको पडायला?" त्यांना दम लागला. थांबले. "कुणी सांगितलं तुम्हाला, तेही मला ठाऊक हाय. त्या स्वयंपाकघराच्या दाराला फट हाय."

"चुकलं मास्तर," मी म्हणालो. "आज घालतो. पुरतं घालतो."

"घालाच. पण आधी ऐका." त्यांनी उशी पाठीशी ओढून घेतली. "माझं ऑपरेशन झालं म्हणतात न्हवं? काय झालं ठाऊक हाय? उघडलं, बघितलं आणि तसंच शिवून टाकलं. डॉक्टर जावयाला सांगत हुते, मला झोप लागलीय समजून. महिना, फार तर दोन महिने."

"काकींना...?"

"तिला सांगितलं न्हाई कुणी. मीही न्हाई." मास्तर टाकीकडे बघत बोलत होते. "रोज सकाळी उठली की ती आधी टाकीपाशी जाते, मग माझ्याकडं येते. मासा वाईट दिसला की खुशीत असते. माझं अंग पुसताना गुणगुणते. चाळीस वर्षांत त्या बाईनं मुंगीवर पाय दिला न्हाई हो, उद्धवराव. आणि आता एक जीव मरायची वाट बघत बसते. माझ्यासाठी. हे मला बघवत न्हाई."

आत नळाचं पाणी ठिबकत होतं.

"बरं, मासा मेला," मास्तर पुढे म्हणाले. "आणि मागनं मीही गेलो. जाणारच हाय. मग ती काय म्हणेल? म्हणेल, मी जिवाच्या बदली जीव मागितला, त्याचं मला हे फळ मिळालं. जन्मभर स्वतःला खाईल. मी ओळखतो तिला."

"आणि मासा जगला तर?"

"मग तुम्हाला खाईल."

हे त्यांनी कारखान्यातली कामाची पाळी सांगावी इतक्या सरळ सांगितलं. "तुम्ही वाचवलात म्हणून मी गेलो, असं म्हणेल. तळतळाट देईल. दारात उभं करणार न्हाई. चालेल तुम्हाला?"

"मास्तर, तुम्हीच सांगा की त्यांना. तुमची इच्छा होती म्हणून सांगा."

"माझी इच्छा म्हटलं की राग माझ्यावर. मेलेल्या नवऱ्यावर राग धरून बाईमाणसानं दिवस कसे काढायचे?" त्यांनी मान हलवली. "न्हाई. तिला सांगायचं न्हाई. मी असताना न्हाई, मी गेल्यावर न्हाई. तुमच्या मनानं केलं म्हणायचं."

खरं सांगायचं तर मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी टाक्या धुणारा माणूस. एका घरचं एवढं ओझं मी कशाला उचलायचं? पण काळ्या माशाचं ते खूळ त्या घरात मीच पेरलं होतं आणि किडाही मीच आणला होता. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

मी बाह्या सारल्या. आधी मेलेला मासा काढला. नळी लावून तळाचा गाळ आणि तिसरा हिस्सा पाणी उपसलं, कारण किड्याची पिलावळ तळाशीच असते. ताजं पाणी भरलं. फिल्टरमधला कोळसा काढून टाकला, नाहीतर तो औषध पिऊन टाकतो. हीटर लावला. पाण्याला ऊब मिळाली की किडा घाईनं वाढतो आणि माशाच्या अंगावरून लवकर सुटतो. अंगावर असेपर्यंत औषध त्याला शिवत नाही, सुटून पाण्यात आला की मरतो. हवेचा दुसरा पंप बसवला आणि खिडकीकडच्या बाजूला चादर टाकली, कारण उजेडानं औषध उडतं. मग मोजून थेंब घालायला लागलो. मास्तर दिवाणावरून बघत होते.

"थांबा. मिसळू द्या," ते म्हणाले. "हां. अजून थोडा. अजून. बास. आता रंग बसला."

मी मोजलेले थेंब नेमके तेवढेच झाले होते.

काकी मठातून आल्या तेव्हा टाकी हिरवीगार झाली होती. त्यांनी टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मास्तर जागे होते म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. पदराला हात पुसत आत गेल्या आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर तीन आठवडे मी एक दिवसाआड जात राहिलो. गाळ उपसायचा, पाणी बदलायचं, कमी झालेलं औषध परत घालायचं. दहाव्या दिवशी ठिपके गेले तरी मी थांबलो नाही. पहिल्या आठवड्यात आणखी दोन सोनेरी मासे मेले. काकींनी ते टोपल्यात टाकताना स्वतःशीच म्हटलेलं मी ऐकलं, "हे कशाला मेले? ह्यांचं काय काम हुतं?" माझ्याशी त्यांनी बोलणं टाकलं होतं. चहा यायचा, पण तो मास्तरांनी सांगितल्यावर, आणि कप त्या उंबऱ्यावर ठेवून जायच्या.

काळा मासा मात्र बरा झाला. पर उघडले, खाऊ लागला, काचेवर बोट ठेवलं की बोटामागे यायचा. मास्तर तेवढ्याच गतीनं खाली जात होते. आंबील सुटली, मग पाणीही चमच्यानं घालावं लागायचं. शेवटच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मान वळवून मासा बघितला आणि पापण्या मिटल्या. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. काकी त्यांच्या पायांना तेल चोळत होत्या, त्यांनी वर मान करून बघितलंही नाही.

जानेवारीच्या शेवटी मास्तर गेले. मातीला गेलो होतो. लांब उभा राहिलो आणि तसाच परत आलो.

पंधरा दिवसांनी त्यांच्या लेकीचा, शैलजाचा, फोन आला. ती हुबळीला दिलेली, आईपाशी राहिली होती. "मामा, आई म्हणतीया ती टाकी घेऊन जावा."

मी गेलो. दिवाण उभा करून भिंतीला लावला होता, त्यामुळे खोली मोठी दिसत होती. काकी टाकीच्या शेजारी पाटावर बसल्या होत्या. कपाळावर विभूती तशीच, डोळे कोरडे. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बरा झाला न्हवं काळा?"

"हो, काकी."

"मी हात जोडलेवते तुझ्यापुढं."

"हो."

"पाया पडते म्हणाले हुते. खरं का न्हाई?"

"खरं आहे."

"मग का वाचवलास?"

सांगून टाकावं असं एकदा अगदी ओठांवर आलं. मास्तरांचं नाव घेतलं असतं तर मी त्या क्षणी सुटलो असतो. मी म्हणालो, "धंदा आहे काकी माझा. मासा मरताना मला बघवत नाही."

"माझा माणूस मरताना बघवला?"

"बघवला व्हय रे?" काकी उठून उभ्या राहिल्या. "दिवसाआड येत हुतास. डोळ्यांनी बघत हुतास. ह्याचा एकेक पर उघडत हुता आणि तिकडं ह्यांचं एकेक अंग जात हुतं! कळलं न्हाई तुला? एवढासा मासा रे! काय गेलं असतं तुझं? काय गेलं असतं?" त्यांनी माझ्या सदऱ्याला धरलं, हलवलं, आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. "वाटोळं होईल तुझं! एक माणूस घेतलास माझं! चांगला उठून बसत हुता, चांगला आंबील पीत हुता..." पुढचे शब्द कळेनात. त्या मटकन खाली बसल्या आणि जमिनीवर हात आपटून हंबरडा फोडून रडायला लागल्या.

शैलजानं मला दंडाला धरून बाजूला घेतलं. तिचेही डोळे भरले होते. हलक्या आवाजात म्हणाली, "मामा, राग मानू नका. बाबा गेल्यापासनं ती रडलीच नव्हती. एक टिपूस न्हाई. मला भ्या वाटत हुतं." मग आईकडे बघून म्हणाली, "तुम्ही जावा आता. ती काय एवढ्यात थांबायची न्हाई. तुम्हालाच बोलत राहील."

"बोलू दे," मी म्हणालो, आणि काकींच्या समोर जमिनीवर जाऊन बसलो.